वहिवाट

वहिवाट, आम्हाला वाटायचं, पायांनी पडते.
रोज कुणीतरी जातं, गवत बाजूला सरतं,
दहा-बारा वर्षांनी कुणाला विचारायचं राहत नाही.
रॅग्ना ट्वेटच्या शेतातली मात्र कागदावर पडली,
एका मंगळवारी, कॉफी निवेपर्यंत.

मिनेसोटाच्या पश्चिम अंगाला जमीन इतकी सपाट
की उद्याचा पाहुणा आजच दिसतो.
लेम्के चौथ्यांदा आला. बूट दाराशी काढले.
त्याच्या नकाशावर तिच्या बीटाच्या शेतातून
एक पिवळी पट्टी गेली होती:
दीडशे फूट रुंद,
लांबी कंपनीला लागेल तेवढी,
मुदत कायम.

"जमीन तुमचीच राहते.
पेरा, काढा, कर भरा.
फक्त उंच काही नको."

उंच काही.
ती मनात मोजत बसली:
वाऱ्याच्या बाजूची ॲशची रांग,
बापाने धुळीच्या वर्षांत बादलीबादलीने जगवलेली;
पवनचक्की, जिची आता तीनच पाती उरलीत;
आणि आर्लेन, सहा फूट चार इंच,
पण तो बिस्मार्कला असतो
आणि फोनवर म्हणतो, सही कर आई,
नाहीतर कोर्टातून घेतील, वर कमी देतील.

आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकात याला
सुविधाधिकार म्हणतात.
कुणाची सुविधा, ते पान मला सापडलेलं नाही.

नाही म्हणणं सोपं असतं
तर ती पहिल्याच दिवशी म्हणाली असती.
पण एकोणचाळीस साली याच बापाने
सहकारी संस्थेच्या दाराशी टोपी काढून
खांब मागितला होता. पाच डॉलर भरले,
खड्डा स्वतः खणला, जागेचा छदाम घेतला नाही.
दिवा लागला त्या रात्री आईने वर पाहिलं
आणि तिला पहिल्यांदा छत दिसलं,
रॉकेलच्या काजळीने काळंकुट्ट.
"इतकी वर्षं आपण याच्याखाली जेवलो?"
सकाळी चुन्याची बादली घेऊन ती टेबलावर चढली.
रॅग्ना सहा वर्षांची. टेबल धरून उभी.

ती तार घरात उतरली होती.
ही उतरणार नाही.
ही डाकोटाचा वारा घेऊन शिकागोला निघालीय,
इथे तिला थांबा नाही.

शेवटी तिने एकच अट घातली.
वर्णनाच्या रकान्यात तुम्ही
वायव्य चतुर्थांशाचा दक्षिण भाग लिहिलंय,
तिथे नाव लिहा:
हॉल्वरचा घोडा रुतला ती पट्टी.
लेम्केने लिहून घेतलं. खरंच घेतलं,
हॉल्वरमधलं एकेक अक्षर विचारून.
वरच्या ऑफिसातून कागद परत आला
तेव्हा ती ओळ पट्टी लावून खोडलेली,
शेजारी कुणाचीतरी आद्याक्षरं.
तिने आपलीही त्यांच्या शेजारी घातली.
मग खाली सही.

ॲशची रांग मार्चमध्ये गेली.
बुंधे बघायला ती बाहेर पडली नाही.
पुढच्या हिवाळ्यात बर्फ
स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आला,
अनोळखी माणसासारखा, आत डोकावत.

ऑगस्टमध्ये आर्लेनचा धाकटा, टोबियास,
गोठ्यातली जुनी ट्यूबलाइट घेऊन
रात्री तारांखाली गेला.
आजी, ये ना, बघ.
ट्यूब कशालाच जोडलेली नव्हती.
नुसती हातात उभी धरली होती, आणि लागली होती:
फिकी, दुधाच्या धुवणासारखी,
मध्येच थरथरणारी.

तिने ती त्याच्याकडून घेतली.
वर गुणगुण चालूच, कुणाची वाट न बघता.
बीटाची पानं दिसत होती,
तिच्या बुटांची टोकं,
पलीकडे तो खोलगट भाग, जिथे पाणी अजून साचतं.

"आता मला दे."
"थांब की," ती म्हणाली,
आणि उजेड पुढे धरून
घोडा रुतला होता तिथपर्यंत
चालत गेली.